घरच्या टोमॅटोला औषध नको, उसंत हवी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत गच्चीवर, परसात आणि गॅलरीतल्या कुंड्यांत भाजी लावणारी घरे डोळ्यांत भरतील इतकी वाढली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. वांगी, मिरची, मेथी, दोडका यांच्या जोडीला टोमॅटोची दोन-चार रोपे बहुतेकांकडे असतातच. दसऱ्याच्या आगेमागे लावलेली ही रोपे मार्गशीर्षात फळांनी लगडतात, आणि पौष निम्मा सरला तरी फळे हिरवीगारच राहिली की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : टोमॅटो एवढा मोठा झाला, मग लाल का होत नाही? हे पत्र त्या प्रश्नाविषयी आहे, कारण त्याला सध्या जे उत्तर मिळत आहे त्याची मला फार काळजी वाटते.

ते उत्तर म्हणजे औषध. टोमॅटो पिकत नाही अशी तक्रार घेऊन माणूस खताच्या दुकानात गेला की त्याच्या हातावर बहुधा एखादी बाटली ठेवली जाते. कोणी विद्राव्य खत देतो, कोणी ‘टॉनिक’ देतो, आणि कोणी सरळ इथेफॉन देतो, जे खरे तर मापाने आणि जाणकाराच्या सल्ल्यानेच हाताळायचे रसायन आहे. आमच्या गल्लीतील एका कुटुंबाला गेल्या हंगामात एका दुकानातून ते असेच मिळाले आणि त्यांनी ते अंदाजाने पाण्यात कालवून संपूर्ण झाडावर फवारले. दुसऱ्या दिवशी पानांचे देठ खाली वळले. कुंडीतली माती ओली असूनही झाड पाण्यावाचून कोमेजल्यासारखे दिसू लागले. पुढे खालची पाने पिवळी पडून गळाली, शेंड्याची फुले झडली, मोठी फळे रंगली, पण सुपारीएवढी जी बारीक फळे होती ती पिवळट होऊन तशीच मऊ पडली. ज्या झाडाने अजून महिना-दीड महिना फळे दिली असती, ते घाईपायी हातचे गेले. त्या घरातल्या मुलीने ते रोप बियांपासून वाढवले होते, म्हणून मला त्याचे अधिकच वाईट वाटले.

असे का झाले हे समजून घेतले, तर टोमॅटो पिकण्याचे सगळे गणितच उलगडते. इथेफॉन वनस्पतीच्या पेशींत शिरले की त्याचे विघटन होऊन इथिलीन नावाचा वायू सुटतो. हाच वायू पिकू लागलेले फळ स्वतः तयार करीत असते. पिकणारी सफरचंदे इथिलीन बाहेर टाकतात हे रिचर्ड गेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवून दिले, आणि पुढे आंबा, केळी, पपई, चिकू, टोमॅटो अशा कितीतरी फळांच्या बाबतीत तेच आढळले. ही फळे तोडल्यानंतरही पिकतात. द्राक्ष, संत्रे, डाळिंब यांचे तसे होत नाही. आपल्याकडे आंब्याची आढी घालतात तिच्यातही हीच क्रिया चालते : गवतात दडपलेल्या आंब्यांचा वायू आणि ऊब दोन्ही आतच कोंडून राहतात. या वायूचा आणखी एक गुण असा, की फळात तो थोडासा तयार झाला की आणखी तयार होण्यास चालना देतो. म्हणून आठवडाभर दगडासारखा हिरवा राहिलेला टोमॅटो एकदा रंग धरू लागला, की मग दोन-चार दिवसांत पालटतो.

परंतु हा वायू फळापुरताच काम करतो असे नाही. पानांना तो म्हातारपण आणतो, देठ वाकवतो, फुले झाडतो. फळात तयार झालेला इथिलीन फळापुरता आणि फळाला पेलेल एवढाच असतो. फवाऱ्यातून तो एकाच वेळी साऱ्या झाडाला दिला, तर झाडाला आपला हंगाम संपला असेच वाटणार. शिवाय ज्या फळाची आतली वाढ पुरी झालेली नाही, त्याला बाहेरून कितीही वायू दिला तरी ते खऱ्या अर्थाने पिकत नाही. त्याचा रंग उडतो, चव येत नाही.

म्हणून घरी टोमॅटो लावणाऱ्या प्रत्येकाने दोन खुणा ओळखायला शिकावे, एवढेच माझे कळकळीचे सांगणे आहे. पहिली खूण फळाची वाढ पुरी झाल्याची आणि दुसरी पाड लागल्याची. पहिल्या खुणेआधी कोणताही उपाय लागू पडत नाही, आणि दुसरीनंतर उपायाची गरज उरत नाही. या दोहोंच्या मधला काळ हाच काय तो वाट पाहण्याचा, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळच लहान असतो.

पहिली खूण बाहेरून चटकन दिसत नाही, म्हणून ती एकदा फळ कापूनच पाहावी. एका घोसातला आकाराने पूर्ण वाटणारा हिरवा टोमॅटो घेऊन धारदार सुरीने आडवा कापावा. आतले कप्पे अजून घट्ट आणि कोरडे असतील, बिया पांढऱ्या, कोवळ्या असतील आणि सुरीखाली सरळ कापल्या जात असतील, तर त्या घोसाला अजून वेळ आहे. कप्प्यांत बुळबुळीत गर धरला असेल आणि बिया सुरीच्या पात्यापुढून निसटून बाजूला सरकत असतील, तर फळाची वाढ पुरी झाली आहे. एकदा हे पाहिले की त्याच झाडावरच्या इतर फळांचा बाहेरून अंदाज येऊ लागतो : पोपटी-हिरवा रंग फिका पडून त्यावर पांढुरकी झाक येते, आणि फळाच्या बुडाशी, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकाला, फिकट चांदणीसारखा ठिपका उमटतो. कापलेले फळ वाया जात नाही. हिरवी मिरची, लसूण आणि भाजलेले शेंगदाणे घालून त्याची चटणी करावी. भाकरीबरोबर ती उत्तम लागते.

फूल फळल्यापासून या अवस्थेपर्यंत यायला बहुतेक जातींना साधारण ५ ते ६ आठवडे लागतात. चेरी टोमॅटोला कमी, मोठ्या फळांच्या जातींना अधिक. फळ आकाराने लवकर मोठे दिसते आणि नंतर बराच काळ तसेच राहते, त्यामुळे ते अडले आहे असा समज होतो. तसे ते अडलेले नसते. त्या दिवसांत पाने तयार करीत असलेली साखर फळात उतरत असते, गर धरत असतो, बी पक्के होत असते. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी फुलांचा घोस फुलला त्या दिवशी त्याला रंगीत दोरा बांधावा आणि दिनदर्शिकेवर तशी खूण करावी. असा दोरा बांधलेला असला की पौषातली धास्ती निम्मी कमी होते.

दुसरी खूण मात्र कोणालाही दिसते. बुडाकडच्या त्या फिकट ठिपक्यात एक दिवस पिवळसर-गुलाबी झाक दिसू लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याने टोमॅटोच्या रंगाच्या ६ पायऱ्या ठरवलेल्या आहेत; त्यांतली दुसरी पायरी नेमकी हीच, जेव्हा फळाच्या दहाव्या भागाहून अधिक जागेला रंग चढलेला नसतो. या टप्प्यावर फळाने स्वतःचा वायू तयार करायला सुरुवात केलेली असते, आणि यापुढचा प्रवास ते झाडावर असो वा स्वयंपाकघरात, आपल्या बळावर करू शकते. माझ्या मते त्याला आणखी दोन दिवस द्यावेत, साधारण पाव भाग रंगला की देठासह अलगद तोडावे आणि घरात आणून ठेवावे. गुऱ्हाळावरचा गुळव्या पाकाचा रंग आणि फेस पाहून काहील उतरवण्याची वेळ जशी नजरेने साधतो, तशीच ही नजर आहे. ती दोन हंगामांत कोणालाही येते आणि मग कोणाला विचारावे लागत नाही.

पूर्ण लाल होईपर्यंत फळ झाडावरच ठेवले पाहिजे, असा पुष्कळांचा आग्रह असतो. ज्यांच्या झाडाला जाळी आहे आणि ज्यांना रोज सकाळी पाहणी करता येते, त्यांनी तो जरूर पाळावा. झाडावर पुरते पिकलेल्या फळाची गोडी काकणभर सरस असते, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे बुलबुल आणि खारी लाल रंगाची वाटच पाहत असतात, फळ पोखरणारी अळी असते, आणि अवकाळी पावसाची एखादी सर आली की पिकत आलेली फळे रात्रीत उभी चिरतात. पाव भाग रंगलेले फळ तोडून घरात पिकवले तर जी काय थोडी गोडी कमी पडेल, ती पक्ष्याने टोच मारून ठेवलेल्या फळापेक्षा केव्हाही चांगली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कोल्हापुरात नेमके याच दिवसांत टोमॅटो का रेंगाळतो? त्याचे उत्तर बहुतांशी पाऱ्यात आहे. टोमॅटोला लाल रंग देणारे द्रव्य म्हणजे लायकोपीन, आणि ते सर्वांत चांगले तयार होते २० ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास. जानेवारीत आपल्याकडे दुपार चांगली उबदार असली तरी पहाटेचा पारा १४-१५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो, आणि पंचगंगेकाठच्या वस्तीत, कसबा बावड्याकडे किंवा रंकाळ्याच्या बाजूला धुके पडले म्हणजे सकाळची ऊबही उशिरा येते. अशा रात्री फळातल्या सगळ्या क्रिया मंदावतात. त्या थांबत नाहीत. १० अंशांच्या खाली दीर्घ काळ राहिल्याशिवाय टोमॅटोला खरी इजा होत नाही, आणि आपल्याकडे तशी वेळ सहसा येत नाही. म्हणजे कोल्हापूरच्या थंडीत टोमॅटो पिकतो, फक्त सावकाश पिकतो. याला खताचा उपाय नाही, कारण उणीव खताची नाही.

उलट खताने या दिवसांत नुकसानच होते. फळ पिकत नाही म्हणून लोक शेणाची स्लरी, जीवामृत, चिमूटभर युरिया असे जे हाताला लागेल ते घालतात. नत्र वाढले की झाड नवी पाने आणि नवे फुटवे काढण्याच्या मागे लागते आणि पिकणे आणखी लांबते. फळे पूर्ण वाढीला आली की नत्र बंद करावे, हे शेतकऱ्यांना माहीत असते. गच्चीवरच्या बागायतदाराला ते कोणी सांगत नाही. चुलीची किंवा बंबाची लाकडी राख मिळत असेल तर मूठभर मातीत मिसळायला हरकत नाही, तिच्यातून पोटॅश मिळते, पण त्याने उद्या सकाळी रंग येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरा गैरसमज उन्हाचा. फळावर ऊन पडले पाहिजे म्हणून झाडाची पाने ओरबाडून काढलेली मी अनेक गच्च्यांवर पाहिली आहेत. फळ पिकायला प्रकाश लागत नाही. बंद कपाटातही टोमॅटो लाल होतो. ऊन लागते ते पानांना, कारण साखर पानांत तयार होते. पाने काढून उघड्या पाडलेल्या फळावर दुपारचे ऊन थेट बसले तर त्या अंगाला पांढरट, कागदासारखा डाग पडतो आणि तो भाग पुढे सडतो. खालची, मातीला टेकणारी, पिवळी आणि करप्याचे डाग पडलेली पाने काढावीत, बाकीच्यांना हात लावू नये. झाडाला मदतच करायची असेल तर जानेवारीअखेर शेंडे खुडावेत, म्हणजे जी फुले आता फळणार नाहीत त्यांच्यावर झाडाची शक्ती खर्च होत नाही. आणि कुंडी हलवता येत असेल तर ती पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीजवळ ठेवावी, कारण तशी भिंत रात्रीही काही काळ ऊब सोडत राहते. पाणी थोडे हात राखून पण नियमाने द्यावे. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी बादली ओतली की फळे तडकतात, आणि पाण्याच्या अशाच ओढाताणीत कॅल्शियम फळापर्यंत नीट न पोहोचल्याने वाढीला लागलेल्या फळांचे बूड काळे पडते.

ज्यांनी रोपे उशिरा लावली आहेत त्यांना चैत्रात नेमका उलटा अनुभव येतो. जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास दुपारचा पारा ३५ च्या पुढे गेला की फळे भराभर रंगतात, पण लाल होण्याऐवजी नारिंगी-पिवळी राहतात. ३० अंशांच्या वर लायकोपीन तयार होण्याची क्रिया मंदावते, पिवळ्या-केशरी रंगाची द्रव्ये मात्र तयार होत राहतात, त्यामुळे असे होते. त्यावरही औषध नाही. अशा वेळी पाड लागताच फळ तोडून घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवावे. जुन्या दगडी वाड्यांतल्या माजघरासारखी जागा असेल तर उत्तमच. तिथे ते झाडावरच्यापेक्षा अधिक लाल होते.

घरात पिकवण्यालाही फारसे सोपस्कार नाहीत. फळे धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत, परडीत एका थरात, देठाची बाजू खाली करून आणि एकमेकांना चेपणार नाहीत अशी ठेवावीत, आणि खिडकीतल्या उन्हात न ठेवता मांडणीवर सावलीत ठेवावीत. ज्यांची वाढ पुरी झाली आहे पण पाड लागलेला नाही अशी हिरवी फळे काही कारणाने तोडावी लागली, उदाहरणार्थ झाड मोडले किंवा रोग आला, तर ती कागदाच्या खोक्यात एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवावीत. केळ्याचा इथिलीन त्यांना पुरतो, बाटलीतला लागत नाही. खोके रोज उघडून पाहावे, घाम धरला असेल तर कागद बदलावा, आणि एखादे फळ नासले असेल तर लगेच काढून टाकावे.

कार्बाइडबद्दलही मला अधूनमधून विचारले जाते, म्हणून स्पष्ट लिहिते. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि त्याबरोबर आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश येऊ शकतात. व्यापारी पिकवणगृहांना इथिलीन वायू वापरण्याची परवानगी आहे, तीही हवेच्या दशलक्ष भागांत १०० भागांच्या मर्यादेत. घरातल्या परडीभर टोमॅटोसाठी यांतल्या कशाच्याही वाटेला जाण्याचे कारण नाही.

एक विनंती मात्र आवर्जून करावीशी वाटते : पिकायला ठेवलेला किंवा पिकलेला टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नये. एवढी वाट पाहून मिळवलेला वास तिथे जातो. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिकलेले टोमॅटो ५ अंशांवर आठवडाभर ठेवले असता त्यांच्यातील साखर आणि आम्ल फारसे बदलले नाहीत, पण सुगंध देणारी द्रव्ये घटली आणि फळे पुन्हा बाहेरच्या तापमानाला आणल्यावरही ती पूर्ववत झाली नाहीत, असे दिसून आले. हंगामात फळे अंगावर आली तर सार करावे, नाहीतर शेजारी वाटावीत.

घरच्या टोमॅटोच्या देठाकडचा भाग गडद हिरवा राहतो, बाजारातल्यासारखा एकसारखा लाल होत नाही, याचीही अनेकांना चिंता वाटते. ही चिंता तर पूर्णच सोडावी. तो अनेक जुन्या जातींचा स्वभाव आहे. फळ सगळीकडून एकसारखे फिकट हिरवे असावे आणि एकाच वेळी रंगावे म्हणून संकरकारांनी अनेक दशके तशा झाडांची निवड केली. त्या निवडीत फळातील हरितद्रव्य वाढवणारे एक जनुक निकामी झाले आणि त्यामुळे फळातली साखर काहीशी कमी झाली, असे २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. देठाकडे हिरवी झाक असलेला आपल्या गच्चीवरचा टोमॅटो दिसायला कमी असेल, पण चवीला कमी नाही.

याचा अर्थ बाजारातला टोमॅटो वाईट असा कोणी घेऊ नये. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याला त्याचा माल शेकडो किलोमीटर दूर पाठवायचा असतो; २० किलोच्या क्रेटमध्ये एकावर एक रचलेली फळे हादरे सोसून टिकावीत म्हणून तो ती पाड लागायच्या वेळी किंवा त्याआधीच तोडतो आणि जाड सालीच्या जाती लावतो. त्यात त्याचा दोष नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली, पण भाव कोसळल्यावर तोच शेतकरी तोडणीची मजुरीही न सुटल्याने माल रस्त्यावर ओततो, तेव्हा आपण फारसे बोलत नाही. दोन कुंड्यांतले टोमॅटो पिकण्याची वाट पाहताना ज्यांचा जीव खाली-वर झाला आहे, त्यांना त्या शेतकऱ्याच्या तीन महिन्यांची किंमत तरी समजावी. आणि शिरोळ, हातकणंगले भागातून लक्ष्मीपुरीच्या किंवा कपिलतीर्थाच्या मंडईत जो जवळचा माल येतो, त्यात अर्धवट रंगलेली, देठाकडे हिरवी फळे असतील तर गिऱ्हाइकांनी ती बाजूला सारू नयेत. घरी नेऊन दोन दिवस परडीत ठेवली की ती पिकतात. जवळचा शेतकरी फळ उशिरा तोडू शकतो, पण गिऱ्हाईक घट्ट आणि लालभडक याच दोन गोष्टी एकाच फळात मागत राहिले, तर त्यालाही दूरच्या बाजारासाठीच्याच जाती लावाव्या लागतात.

या संदर्भात दोन सूचना कराव्याशा वाटतात. कोल्हापुरातच कृषी महाविद्यालय आहे, आणि ते ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने धनश्री, भाग्यश्री, राजश्री यांसारख्या टोमॅटोच्या जाती महाराष्ट्राला दिल्या आहेत. शेतकऱ्यांसाठी तिथून माहिती मिळते. गच्चीवर चार कुंड्या असणाऱ्यासाठी कोल्हापूरच्या हवेला धरून, रोप कधी टाकावे, नत्र कधी थांबवावे, फळ कधी तोडावे आणि कोणती औषधे घरी मुळीच आणू नयेत, असे एक पानी पत्रक तिथल्या अभ्यासकांनी काढले, आणि आपण ते घटस्थापनेच्या सुमारास आपल्या पत्रात छापले, तर शहरातल्या हजारो घरांना त्याचा उपयोग होईल. आमच्याकडे पाऊस लांबतो, श्रावण-भाद्रपदात पानांवर करपा येतो, थंडी सौम्य असते आणि फेब्रुवारीपासूनच ऊन चढते. पुण्या-नाशिकचे किंवा इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओंतले वेळापत्रक आम्हाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

दुसरी सूचना शाळांसाठी. अनेक शाळांत आता पोषण परसबाग आहे. तिथे टोमॅटोचे एखादे रोप केवळ निरीक्षणासाठी राखून ठेवावे, मुलांनी घोसाला दोरा बांधून तारीख लिहावी, हिरवे फळ कापून बिया सरकतात का हे स्वतः पाहावे आणि पाड लागलेले फळ वर्गात आणून त्याचा रंग रोज टिपावा. पुस्तकातला इथिलीन पाठ करण्यापेक्षा केळ्याशेजारचे फळ आधी रंगते हे पाहण्यात मुलांना कितीतरी अधिक गोडी वाटेल, आणि तीच मुले घरी जाऊन आई-वडिलांच्या हातातली बाटली खाली ठेवायला लावतील.

शक्य झाल्यास हे पत्र अंबाबाईच्या मंदिरातील येत्या किरणोत्सवाआधी, म्हणजे जानेवारी संपण्यापूर्वी छापावे. त्या सुमारास रात्रीची थंडी ओसरू लागते आणि आज हिरवी असलेली बहुतेक फळे रंग धरतात. तेवढे दिवस कोणी त्यांच्यावर काही फवारू नये, एवढ्यासाठीच ही घाई.

कळावे,

आपली नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)